टीव्हीला जोडलेला संगणक मंदावला, तर दोष कुठे शोधावा

टीव्हीला जोडलेला घरचा संगणक मंदावला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: "रॅम वाढवा." दुसरा त्याहून सोपा असतो: "आता जुना झाला, नवा घ्या." हे सल्ले कधीमधी बरोबरही निघतात, परंतु बहुतेक वेळा ते दोष कुठे आहे हे न पाहताच दिलेले असतात. गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या जुन्या घरात, वसरीला (ओसरीला) लागून असलेल्या खोलीत, असा एक संगणक गेली आठ वर्षे चालू आहे. या काळात त्याने चार वेळा मान टाकली आणि चारही वेळा कारण वेगळे निघाले. रॅम हे कारण एकदाही नव्हते.

पुढील विवेचन विंडोज असलेल्या आणि कोडी किंवा व्हीएलसी या प्लेअर सॉफ्टवेअरवर चित्रपट पाहिले जाणाऱ्या संगणकाला धरून केले आहे. तपासण्यांचा क्रम मुद्दाम ठेवला आहे. ज्यांना पैसे लागत नाहीत आणि स्क्रूड्रायव्हरही लागत नाही त्या आधी कराव्यात, संगणक उघडण्याची वेळ नंतर यावी आणि खरेदीचा विचार सर्वांत शेवटी करावा.

आधी तक्रार नीट मांडावी

"मंद झाला" या दोन शब्दांत अगदी निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. चित्रपटांची यादी उघडायला वेळ लागतो, पण चित्रपट एकदा सुरू झाला की सुरळीत चालतो, ही एक तक्रार. ती बहुधा हार्ड डिस्कची असते. यादी झटकन उघडते, आवाज अखंड ऐकू येतो, पण चित्र मात्र धक्के खात पुढे सरकते, ही दुसरी. तिचे मूळ चित्राच्या डिकोडिंगमध्ये (दाबलेली फाइल उलगडण्यात) किंवा टीव्हीच्या रीफ्रेश रेटमध्ये (सेकंदाला किती वेळा चित्र बदलते त्यात) असते. चित्र आणि आवाज दोन्ही थांबून पडद्यावर गोल चक्र फिरत राहते आणि थोड्या वेळाने सारे पूर्ववत होते, तेव्हा नेटवर्कवर संशय घ्यावा. पहिला अर्धा तास सगळे ठीक असते आणि मध्यंतरापर्यंत संगणक जड होत जातो, तेव्हा तापमान पाहावे. बटण दाबल्यावर पडद्यावर काही घडायला क्षणभर उशीर होतो, एवढीच तक्रार असेल, तर संगणकाचा मुळीच दोष नसण्याचीही शक्यता आहे.

म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी वहीत चार ओळी लिहाव्यात: कोणती फाइल किंवा कोणते संकेतस्थळ चालू होते, सुरू केल्यावर किती मिनिटांनी त्रास झाला, तीच फाइल दुसऱ्यांदा लावल्यावर त्याच जागी अडखळली की वेगळ्या जागी, आणि त्या वेळी घरात इंटरनेट आणखी कोण वापरत होते. हे शाळेतल्या प्रयोगवहीसारखे वाटेल, पण त्याला पर्याय नाही. आमच्याकडे एकाच आठवड्यात आईने यूट्यूबवरील भजने अडकतात अशी आणि पुतण्याने फोर-के (१०८० ओळींच्या चित्राच्या चौपट बारकाव्याचे) चित्रपट थांबतात अशी तक्रार केली. दोघांचा रोग एकच असेल असे समजून मी दोन रविवार वाया घालवले. प्रत्यक्षात ते दोन स्वतंत्र दोष होते आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता.

यानंतर संगणक एकदा रीस्टार्ट करावा. बंद करून पुन्हा चालू करणे आणि रीस्टार्ट करणे या दोन गोष्टी विंडोजच्या लेखी एक नाहीत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. "फास्ट स्टार्टअप" ही सोय चालू असते तेव्हा "शट डाऊन" केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच जशाच्या तसा उचलला जातो. त्यामुळे रोज रात्री बंद होणारा संगणकही खऱ्या अर्थाने महिनोन्‌महिने बंद झालेला नसतो. संगणकात काय चालू आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये (तो कसा उघडावा ते पुढे आहे) सीपीयूच्या, म्हणजे मुख्य प्रोसेसरच्या पानावर "अप टाइम" या नावाखाली किती दिवस झाले ते दिसते. तो आकडा ४० दिवसांचा दिसला, तर आधी रीस्टार्ट आणि मग बाकी सगळे.

रीस्टार्टनेही फरक पडला नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि "परफॉर्मन्स" या पानावर जावे. चित्रपट पूर्ण पडद्यावर न ठेवता अर्ध्या पडद्यावर लावावा आणि टास्क मॅनेजर "ऑलवेज ऑन टॉप" करून शेजारी ठेवावा. मग अडखळण्याची वाट पाहावी. चित्र थांबले त्याच क्षणी कोणता आलेख माथ्याला टेकला आहे, हे पाहण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. त्रास होऊन गेल्यावर पाहिलेले आकडे काही सांगत नाहीत.

चित्र धक्के खाते तेव्हा

चित्रपटाची फाइल दाबून लहान केलेली असते आणि ती उलगडून दाखवण्याचे काम म्हणजे डिकोडिंग. दाबण्याच्या पद्धती काळानुसार बदलत गेल्या: एच.२६४ ही पद्धत २००३ ची, एचईव्हीसी २०१३ ची आणि एव्ही१ २०१८ ची. नवी पद्धत कमी जागेत तेवढेच चांगले चित्र देते, पण उलगडायला अधिक कष्ट पडतात. म्हणून प्रोसेसरमधील ग्राफिक्सच्या भागात या कामासाठी स्वतंत्र मंडल (सर्किट) दिलेले असते. ते असेल तर फोर-के चित्रपटही प्रोसेसर हसतखेळत चालवतो. नसेल तर सर्व ओझे मुख्य प्रोसेसरवर पडते आणि तो धापा टाकू लागतो.

कोणत्या पिढीला काय येते, हे ठाऊक असले की निम्मा गोंधळ संपतो. इंटेलच्या २०१५ मधील सहाव्या पिढीत साध्या, म्हणजे ८ बिट एचईव्हीसीसाठी मंडल आले. सातव्या पिढीत १० बिट, म्हणजे रंगांच्या अधिक छटांची, एचईव्हीसी आणि यूट्यूबच्या व्हीपी९ची भर पडली; फोर-के एचडीआर चित्रपट १० बिटचे असल्यामुळे ही पायरी महत्त्वाची आहे. एव्ही१साठी मात्र थेट अकराव्या पिढीपर्यंत थांबावे लागले. त्यामुळे एकाच संगणकावर एक फोर-के फाइल लोण्यासारखी चालते आणि दुसरी एक मिनिटही चालत नाही, यात गूढ असे काही नाही.

प्रत्यक्ष तपासणी अशी करावी. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या पानावर "व्हिडिओ डिकोड" नावाचा छोटा आलेख असतो. चित्रपट चालू असताना तो हलत असेल, तर मंडल कामाला लागले आहे. तो शून्यावर पडून असेल आणि सीपीयू ८०-९० टक्क्यांवर गेला असेल, तर ओझे चुकीच्या खांद्यावर आहे. कोडीमध्ये चित्रपट चालू असताना "ओ" हे अक्षर दाबले, की कोणता डिकोडर वापरात आहे ते पडद्यावर येते. व्हीएलसीत कंट्रोल आणि जे दाबल्यावर फाइलची पद्धत कळते. यूट्यूबवर चित्रावर उजवे क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" निवडावे. त्यातील कोडेकच्या, म्हणजे दाबण्याच्या पद्धतीच्या ओळीत "एव्ही०१", "व्हीपी०९" किंवा "एव्हीसी१" यांपैकी एक दिसेल आणि त्याच चौकटीत किती फ्रेम गळाल्या त्याचा आकडा वाढताना दिसेल.

आईच्या भजनांचे कोडे याच चौकटीने सोडवले. आमचा प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे. यूट्यूब त्याला एव्ही१ पाठवत होते आणि तो ते बळेच उलगडत होता. यूट्यूबकडून एच.२६४ मागून घेणारे "एच२६४इफाय" नावाचे एक छोटे एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये बसवल्यावर त्याच संगणकावर तीच भजने सुरळीत चालू लागली. याचा एक तोटा आहे: यूट्यूब एच.२६४ पद्धतीत १०८० ओळींपेक्षा वरचे चित्र देत नाही. भजनासाठी ते पुरेसे आहे, आणि खरे सांगायचे तर दहा फुटांवरून पाहिलेल्या ४३ इंची टीव्हीवर बाकीच्या बऱ्याच गोष्टींसाठीही पुरेसे आहे.

मंडल असूनही ते वापरले जात नसेल, तर तीन ठिकाणी पाहावे. कोडीच्या प्लेअरच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे का, ते तपासावे. ओळ दिसत नसेल तर सेटिंग्जची पातळी वाढवावी, म्हणजे लपलेल्या ओळी उघड होतात. ब्राउझरमध्येही ग्राफिक्स ॲक्सिलरेशनची खूण असते. तिसरे ठिकाण म्हणजे डिव्हाइस मॅनेजर: तेथे ग्राफिक्स कार्डाच्या जागी "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर" असे लिहिलेले आढळले, तर खरा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बसलेलाच नाही. तो प्रोसेसरच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. "सगळे ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करतो" अशी जाहिरात करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये. ती स्वतःच पुढच्या मंदपणाचे कारण होतात.

आता असा एक दोष, ज्यात टास्क मॅनेजरचे सर्व आलेख निवांत असतात आणि तरीही चित्र उचक्या दिल्यासारखे हलते. कॅमेरा एखाद्या दृश्यावरून आडवा फिरतो तेव्हा हे हमखास जाणवते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचे असतात, विंडोज मात्र बहुधा टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवते. ६० ला २४ ने निःशेष भाग जात नाही, त्यामुळे एक फ्रेम तीन वेळा तर पुढची दोन वेळा दाखवली जाते आणि हालचाल लंगडते. भारतात चित्रित झालेल्या दूरदर्शन पद्धतीच्या ध्वनिचित्रफिती २५ फ्रेमच्या असतात, त्यांचा ६० शी हिशेब आणखीच विस्कटतो. कोडीमध्ये "ॲडजस्ट डिस्प्ले रीफ्रेश रेट" ही सोय चालू करून तिला चित्रपट सुरू होताना आणि संपताना बदल करू द्यावा. मग २४ ची फाइल लावली की टीव्ही २४ वर आणि २५ ची लावली की ५० वर जातो. बदलताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो, तो दोष समजू नये. व्हीएलसी वापरणाऱ्यांनी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन हा आकडा हाताने बदलावा.

तेथे गेल्यावर आणखी एक आकडा पाहून घ्यावा. फोर-के टीव्हीवर रीफ्रेश रेट ३० दिसत असेल, तर माउसचा बाणसुद्धा चिखलातून ओढल्यासारखा सरकतो आणि संपूर्ण संगणक मंद आहे असे वाटू लागते. टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती फोर-केला सेकंदाला ३० च चित्रे देऊ शकते. ६० साठी २.० लागते. सहाव्या-सातव्या पिढीच्या अनेक संगणकांचे एचडीएमआय १.४ चेच असते. अशा वेळी सरळ १०८० आणि ६० निवडावे, टीव्ही ते चित्र स्वतः मोठे करून घेतो. संगणकाला डिस्प्लेपोर्ट असेल, तर त्याला लावायचा एचडीएमआय २.० चा ॲक्टिव्ह ॲडॉप्टर हा दुसरा मार्ग आहे.

गोव्यातल्या घरांत जत्रेच्या नाटकांच्या, मुंजीच्या आणि लग्नाच्या जुन्या कॅसेट संगणकात उतरवून ठेवलेल्या असतात, त्यांच्याबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. या फिती विणलेल्या पद्धतीच्या असतात: सेकंदाला ५० अर्धी चित्रे, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. ती नुसती एकावर एक ठेवली, की स्थिर दृश्य चांगले दिसते. पण देवळाच्या मंडपातील रंगमंचावर राजाने तलवार उगारली, की तलवारीच्या कडेला फणीचे दात फुटतात आणि चित्र थरथरते. हा मंदपणा नव्हे. व्हीएलसीत "डी" दाबून डीइंटरलेसिंग चालू करावे, कोडीत ते चित्राच्या सेटिंग्जमध्ये असते. त्यातील सर्वांत उंची पद्धत निवडण्याचा मोह मात्र आवरावा, कारण काही पद्धती सर्व काम प्रोसेसरकडून करून घेतात आणि मग खरोखरच मंदपणा येतो.

चिऱ्याच्या भिंती आणि हिरवा पडलेला तांब्याचा दात

चित्रपट दुसऱ्या खोलीतील संगणकात किंवा राउटरला लावलेल्या डिस्कवर असतील, तर एकच चाचणी पुरेशी आहे. त्रास देणारी फाइल टीव्हीच्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि तेथून चालवावी. ती सुरळीत चालली, तर संगणक निर्दोष सुटला आणि आरोपी नेटवर्क ठरले.

जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती फूट-दीड फूट जाडीच्या असतात. उन्हाळ्यात त्या घर थंड ठेवतात, वाय-फायला मात्र तशाच अडवतात. त्यातही ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान असली तरी भिंतीपुढे लवकर हात टेकते, तर २.४ गिगाहर्ट्‌झची लहर पलीकडे पोचते पण गर्दीमुळे संथ असते. राउटर वसरीत आणि टीव्ही राजांगणापलीकडच्या (घरातल्या मधल्या अंगणापलीकडच्या) खोलीत अशी मांडणी असेल, तर महागडा राउटर घेऊन चमत्काराची अपेक्षा करण्यापेक्षा एक केबल ओढून घेणे केव्हाही शहाणपणाचे. लहर मोकळ्या राजांगणातून जाईल अशा बेताने राउटर हलवून पाहण्याचा प्रयोग फुकट आहे, तो आधी करावा.

केबल असूनही त्रास होत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये किंवा नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये "लिंक स्पीड" पाहावा. तेथे १००० ऐवजी १०० दिसत असेल, तर पुतण्याच्या तक्रारीचे उत्तर सापडले. फोर-के ब्लू-रेचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. १०० च्या रस्त्यावर संवादाचे शांत प्रसंग निभावतात आणि पाठलाग सुरू झाला की चित्र थांबते. हजारच्या वेगासाठी केबलमधील चारही जोड्या, म्हणजे आठही तारा शाबूत लागतात. शंभरसाठी दोन जोड्या पुरतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतील एखादी तार निकामी झाली तरी नेटवर्क बंद पडत नाही, ते गुपचूप शंभरवर उतरते आणि दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

आमच्या केबलचे टोक काढून खिडकीच्या उजेडात भिंगाखाली धरले, तेव्हा आठपैकी सहा संपर्क पिवळेधमक होते आणि कडेच्या दोनांवर, जेथे तपकिरी जोडी येते, हिरवट साय धरली होती. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते आणि केबल तिला चिकटून गेलेली होती. टोक कापून नवा प्लग बसवायला दहा मिनिटे लागली, आणि आकडा हजारवर आला. समुद्रालगतच्या गावांत, जेथे वाऱ्यालाच मीठ असते, तेथे हे लवकर घडते. प्लग वर्षातून एकदा काढून पाहावेत.

डिस्क

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चित्रपट चालवण्यासाठी वेगवान डिस्क लागत नाही. सेकंदाला १२८ मेगाबिट म्हणजे जेमतेम १६ मेगाबाइट, आणि फिरणारी जुनी हार्ड डिस्कही सलग वाचताना त्याच्या कित्येक पट वेग देते, यूएसबी २.० वर लावलेली बाहेरची डिस्कसुद्धा एका चित्रपटापुरती पुरते. एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) हवी ती विंडोज आणि कोडीची यादी यांच्यासाठी, कारण त्यांना डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेल्या हजारो बारीक फाइली उचलाव्या लागतात आणि फिरणारी डिस्क त्यातच दमते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि वाचनाचा वेग मात्र नगण्य, असे चित्र दिसले, तर विंडोज एसएसडीवर हलवावे. जुन्या संगणकावर केलेल्या सर्व खर्चांत हाच खर्च मला सर्वाधिक सार्थकी लागलेला दिसला आहे. चित्रपट जुन्या डिस्कवरच राहू द्यावेत.

डिस्क अचानक संथ झाली असेल, तर मात्र ती मरणपंथाला लागली आहे का, हे त्याच दिवशी पाहावे. "क्रिस्टलडिस्कइन्फो" हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कच्या आत नोंदलेले आकडे दाखवते. "करंट पेंडिंग सेक्टर" किंवा "रीॲलोकेटेड सेक्टर" यांच्यापुढे शून्याहून वेगळा आणि वाढता आकडा असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता आधी घरचे फोटो आणि कॅसेटमधून उतरवलेल्या फिती दुसरीकडे हलवाव्यात. चित्रपट पुन्हा मिळतात, आजोबांचे नाटक मिळत नाही. त्याच यादीत "सीआरसी एरर" वाढत असतील, तर डिस्क ठीक असून तिला संगणकाशी जोडणारी साटा केबल सैल किंवा गंजलेली असण्याची शक्यता अधिक.

बराच वेळ पडून असलेल्या डिस्कवरील पहिला चित्रपट सुरू व्हायला दहा सेकंद लागतात आणि नंतर सारे ठीक असते, ही तक्रार वेगळी. पॉवरच्या सेटिंग्जनुसार डिस्क झोपी गेलेली असते आणि तिला फिरायला वेळ लागतो. ती वेळमर्यादा वाढवता येते, पण माझ्या मते झोपू द्यावे.

उष्णता, धूळ आणि पाली

टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये संगणक ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. तो दिसायला नीटनेटका दिसतो आणि आतल्या आत भाजतो. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला, की जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. "एचडब्ल्यूइन्फो" किंवा "कोअर टेम्प" यांपैकी एक सॉफ्टवेअर उघडून चित्रपट सुरू करावा आणि अर्ध्या तासाने आकडा पाहावा. साठ-सत्तर असेल तर काळजी नाही. नव्वदीत असेल, तर शोकेसचे दार उघडे टाकून पुन्हा अर्धा तास मोजावे. केवळ दार उघडल्याने आकडा दहा-बारा अंशांनी उतरला, तर उपाय सुताराकडे आहे, संगणकाच्या दुकानात नाही.

दार उघडूनही फरक पडला नाही, तर संगणक उघडावा लागेल. वायर भिंतीतून काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, आणि आत हात घालण्यापूर्वी केसच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. उन्हाळ्याच्या शेवटी आमचा संगणक उघडला, तेव्हा पंख्यामागच्या उष्णता काढणाऱ्या पट्ट्यांवर तांबड्या धुळीचा थर जमून तो कांबळ्यासारखा उचलून काढता आला, आणि पंख्याच्या एका पात्याखाली पालीची दोन पांढरी अंडी घट्ट चिकटलेली होती. पंखा फिरायचा प्रयत्न करून तेथेच अडत होता. आधी ज्या दुकानात संगणक नेला होता, तेथे मदरबोर्ड बदलायला सांगितले होते.

धूळ मऊ ब्रशने आणि हवेच्या झोताने काढावी. झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो गरागरा फिरल्यास त्याचे बेअरिंग बिघडते. ओले फडके वापरू नये. पाच-सहा वर्षे झाली असतील, तर प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. पालींसाठी मागच्या रिकाम्या खाचा पत्र्याच्या पट्टीने बंद कराव्यात, पण हवेची भोके बुजवू नयेत. तेथे बारीक जाळी पुरते.

किरकोळ, पण फसवे दोष

बिनतारी कीबोर्डची अक्षरे उशिरा उमटत असतील, तर त्याचा यूएसबी रिसीव्हर यूएसबी ३ च्या डिस्कशेजारी लावला आहे का, ते पाहावे. यूएसबी ३ ची उपकरणे २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट करतात आणि कीबोर्ड त्याच पट्ट्यात बोलत असतो. रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शन केबलने हातभर लांब नेला, की काम होते. माउसही उशिरा सरकत असेल, तर टीव्हीवर "गेम मोड" किंवा "पीसी" हा प्रकार निवडून पाहावा, कारण चित्र सुंदर करण्याच्या नादात उशीर टीव्हीच लावत असतो.

टास्क मॅनेजरच्या "स्टार्टअप" पानावरील अनावश्यक नावे बंद करावीत. एकाहून अधिक अँटिव्हायरस ठेवू नयेत. कोडीत "सुरू होताना यादी अद्ययावत करा" ही खूण काढावी आणि महिन्यातून एकदा ते काम हाताने करावे. रॅम ४ जीबी असेल, तर ती ८ करणे योग्यच आहे. आणि ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल, तर एका मोठ्या पट्टीपेक्षा दोन सारख्या पट्ट्या बऱ्या, कारण ग्राफिक्सही तीच रॅम वापरते आणि दोन पट्ट्यांमुळे तिला दुप्पट रुंद वाट मिळते.

नवा घ्यावा का

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्यांनाच अधिकृतपणे चालते. त्यामुळे सातव्या पिढीचा आमचा संगणक चांगला चालत असूनही पेचात आला. अशा संगणकासाठी लिब्रईएलईसी हा मार्ग मला आवडला आहे: ती केवळ कोडी चालवण्यापुरती बनवलेली लिनक्सची छोटी प्रणाली आहे, फुकट आहे आणि पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, त्यामुळे आतली विंडोज तशीच राहते. जी फाइल विंडोजवर अडखळते ती तेथे सुरळीत चाललीच, तर यंत्र धडधाकट असून दोष सॉफ्टवेअरचा होता, हेही अनायासे सिद्ध होते. यूट्यूबसाठी मग टीव्हीचे स्वतःचे ॲप वापरावे. घरात एव्ही१ फाइली वाढत असतील, तर मात्र नवे यंत्र घ्यावे, आणि घेताना त्याला एव्ही१ येते का, हा प्रश्न रॅमच्या आकड्याआधी विचारावा.

नवा असो वा जुना, गोव्यात तो पावसाळ्यातून सुखरूप बाहेर काढावा लागतो. येथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात संगणक महिनाभर बंद ठेवणे त्याला मानवत नाही. आठवड्यातून एकदा तासभर चालवला, तर स्वतःच्या उष्णतेने तो आतून कोरडा राहतो. वीज ये-जा करत असेल तर छोटा यूपीएस लावावा, कारण लिहिता लिहिता डिस्कची वीज जाणे हे पुढच्या मंदपणाचे बियाणे असते. मे आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी ढग गडगडू लागले, की केवळ वीजजोडणी काढून भागत नाही. बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या तारा, म्हणजे डिशची केबल आणि घरांमधून ओढलेली नेटवर्कची केबलही काढावी. काढण्यापूर्वी प्रत्येक केबलवर चिकटपट्टी लावून तिचे नाव लिहावे, म्हणजे रात्री पाऊस थांबल्यावर टॉर्चच्या उजेडात एचडीएमआय टीव्हीच्या नेमक्या त्याच खाचेत परत जाईल, जिच्यात फोर-के ६० वर चालते.